बिनखिशाचा गाऊन

टाचणीकडे कपडा शिवायला टाकला की त्याला खिसा येणारच, हे सगळ्या वस्तीला पाठ झालं होतं. तुम्ही सांगा, नका सांगू, बजावून नको म्हणा, तरी शिवणीत कुठेतरी हात जाईल अशी जागा सापडायचीच. एकदा तिने नवरीच्या घेरदार पोशाखाला खिसा लावला. नवरीची आई पोशाख हातात घेऊन तणतणत दुकानात आली.

"अहो, नवरीला कुणी खिसा लावतं का? काय ठेवणार आहे ती त्यात?"

"ते तिचं ती बघेल," टाचणी म्हणाली. "तुम्हाला कळायला नको, म्हणून तर लावलाय."

तोंडात चार टाचण्या धरून ती असं बोलायची, एकही खाली न पाडता. नाव पडलं ते त्यावरून, आणि थोडं जिभेवरूनही. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं. तो बस चालवून निवृत्त झालेला शांत माणूस. भांडण दिसलं की लांबूनच गाडी वळवावी तसा तो खोलीतून वळायचा. खिशाचं वेड कुठून आलं हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि टाचणी सांगणाऱ्यातली नव्हती.

सांगायचं तर आधी बाईसाहेबांपासून सुरुवात करावी लागते. या गावात कशाचीही सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते, इतकं त्यांनी देऊन ठेवलंय. छत्र्यांच्या कारखानदाराची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, बाप गेला तेव्हा ही पंचविशीत होती, आणि कारखाना, बंगला, बाजारातले गाळे सगळं एका सहीने तिच्या पदरात पडलं. सोयरिकी आल्या. पण पाहुणे मुलीकडे कमी आणि कारखान्याच्या धुराड्याकडे जास्त बघतात हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने दार लावून घेतलं ते कायमचं. त्यानंतर ती देत सुटली. वाचनालय दिलं, इस्पितळाला खाटा दिल्या, रस्त्याच्या कडेला पाण्याचे नळ दिले, बागेत बाकं दिली. पोरक्या मुलींसाठी आश्रम दिला, म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम दिला. आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात आपलं नाव घातलं. नळाला तोंड लावावं तर नाव नाकासमोर. इस्पितळात डोळे मिटायची वेळ आली तरी शेवटचं वाचायचं ते बाईसाहेबांचं नाव. दिलेलं दिसलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. आणि घेणाऱ्याने ते तोंडाने म्हटलंही पाहिजे.

बंगल्यावरची स्वयंपाकीण सांगायची की ही सवय बापाची. तो लेकीला बाहुली आणायचा आणि पोरीला पाहुण्यांसमोर खुर्चीवर उभं करायचा. "कुणी दिलं?" "बाबांनी दिलं." नवीन बूट, तेच. आजारातून उठली, औषध कुणी दिलं, तेच. पोरीने मोठ्याने म्हटलं नाही तर वस्तू परत कपाटात. टाचणीने ही गोष्ट पुढे ऐकली तेव्हा ती म्हणाली, "असेल. पण तिला निदान बाप होता ना खुर्चीसमोर? माझ्यासमोर कोण होतं?"

टाचणी त्या आश्रमातली. आश्रमाच्या मुली गावात लांबूनही ओळखू यायच्या, कारण त्यांचे फ्रॉक छत्रीच्या कापडाचे असायचे. कारखान्यात रंगात फसलेलं, कुठे विरलेलं काळं कापड उरायचं, त्याचे फ्रॉक. बाहेरचं पाणी आत शिरायचं नाही आणि आतला घाम बाहेर पडायचा नाही. काखेत काचायचं, चालताना सळसळ वाजायचं. मुली रांगेने शाळेला निघाल्या की कोपऱ्यावरची पोरं ओरडायची, "छत्र्या आल्या रे, छत्र्या!" पाऊस असला तर आणखी जोरात ओरडायची. आणि त्या फ्रॉकांना खिसे नव्हते. शिवणाच्या बाईंनी एकदा विचारून पाहिलं होतं, पण बाईसाहेबांचा सक्त हुकूम होता की खिसे ठेवायचे नाहीत.

तसं पाहिलं तर टाचणीला आई होती. आश्रम ज्यांना कुणीच नाही अशांसाठी, हा नियम. पण तिची आई छत्र्यांच्याच कारखान्यात, काड्या जोडायच्या खात्यात कामाला होती. तिथे यंत्रात तिची बोटं गेली, मग कामही गेलं. धड हात नसलेल्या बाईला धुणंभांडी तरी कोण देणार? दुसऱ्याच्या ओसरीवर निजायचं तर लेकीला कुठे घेऊन निजणार? तिने पोरीला आश्रमाच्या दारात आणलं, नोंद करणाऱ्या बाईंनी दुसरीकडे बघितलं, आणि "कोणी नाही" असं लिहून पोर आत घेतली. दर रविवारी आई मागच्या कुंपणापाशी यायची, स्वयंपाकघराच्या भिंतीआड. उरलेल्या बोटांनी जाळीतून पोरीच्या केसांवरून हात फिरवायची. काही हाती असलं तर द्यायची.

त्या दिवशी भाजलेले शेंगदाणे होते. आणि नेमका तोच दिवस फ्रॉक वाटपाचा होता, हे आईला ठाऊक नव्हतं. घंटा झाली, मुली अंगणात रांगेत उभ्या राहिल्या. पोरीला शेंगदाणे खायला सवड मिळाली नाही आणि लपवायला खिसा नव्हता. तिने मूठ आवळून धरली. वाटपाची रीत अशी होती, की छत्र्यांचा रिकामा लाकडी खोका मधोमध ठेवायचा. एकेकीने त्यावर चढायचं, सगळ्यांकडे तोंड करून म्हणायचं, "मला कोणी नाही. बाईसाहेबांनी मला फ्रॉक दिला. मी त्यांची ऋणी आहे." मग दोन्ही हात पुढे करून फ्रॉक घ्यायचा. समोर खुर्च्यांवर पाहुणे बसलेले, एक जण फोटो काढायला. दोन्ही हात पुढे करायची वेळ आली आणि हिची एक मूठ उघडेना.

बाईसाहेब खुर्चीतून उठल्या. रागावल्या वगैरे मुळीच नाहीत. खाली वाकून त्यांनी एकेक बोट सोडवलं.

"हे कुणी दिलं?"

"आईने."

 पोरीने कुंपणाकडे पाहिलं म्हणून बाईसाहेबांनीही पाहिलं. भिंतीआडून पुढे येऊन आई जाळीला धरून उभी होती.

"आई आहे तर आईकडे जा," बाईसाहेब म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आश्रम त्यासाठी नाही. आणि नसेल, तर खोक्यावर चढून तसं सांग. तूच ठरव."

पोर आठ वर्षांची. ती काय ठरवणार? ती आईकडे बघत राहिली. आईने मान हलवली. 'नाही' अशी नव्हे, 'म्हण' अशी. एकदा हलवली, पोरीला कळलं नाही असं वाटून पुन्हा हलवली. पोर खोक्यावर चढली आणि म्हणाली, "मला कोणी नाही."

बाईसाहेबांनी शेंगदाणे पायाशी टाकले, पोरीचा तळवा स्वतःच्या रुमालाने पुसला, आणि पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाल्या, "म्हणून मी खिसे ठेवू देत नाही. सगळं मिळतंय, मग खिसा हवा कशाला?" त्यांच्या स्वतःच्या पोशाखाला मात्र खिसा होता. त्यातून पेपरमिंटची गोळी काढून त्यांनी पोरीच्या हातावर ठेवली. पोरीने म्हटलं, "बाईसाहेबांनी दिली."

आई त्यानंतर कुंपणापाशी आली नाही. पोर दर रविवारी भिंतीआड जाऊन उभी राहायची. पुढल्या वर्षी केव्हातरी स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की आता उभी राहू नकोस, आई गेली. कशाने, कुठे, ते मावशींनाही ठाऊक नव्हतं.

इथून पुढची सगळी टाचणी त्या खोक्यावरून उतरलेली आहे. शिवण ती आश्रमातच शिकली, आणि तिचा हात असा बसला की शिवणाच्या बाई तिचं काम पाहुण्यांना दाखवायच्या. बाहेर पडून कपड्यांच्या दुकानात लागली, लग्न केलं, पुढे स्वतःची खोली घेऊन यंत्रं टाकली, हाताखाली बायका आल्या. नवऱ्याला पहिला सदरा शिवून दिला त्याला चार खिसे होते. तो बिचारा महिनाभर चहाचे सुटे पैसे शोधत सगळे खिसे चाचपत बसायचा. आणि गावातले लोक, ज्यांना बोलायला काही कारण लागत नाही, ते म्हणायचे, "बघा, बाईसाहेबांची पुण्याई. त्या नसत्या तर ही कुठे असती?" हे ऐकलं की टाचणीच्या डोक्यात तिडीक जायची. ती कुठे असती? आईपाशी असती. उपाशी असती कदाचित, पण आईपाशी.

तिने मनात पक्कं धरलं होतं की या बाईला एक दिवस तेच वाक्य म्हणायला लावायचं. लोकांसमोर. "मला कोणी नाही." बाकी काही नको. तोवर ती बाईसाहेबांच्या नळाचं पाणी प्यायली नाही, उन्हातून घसा सुकवत घरी यायची. गुडघे सुजले तरी बागेतल्या त्यांच्या बाकावर टेकली नाही, गवतावर बसायची, आणि उठताना नवऱ्याला हाका मारायची. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा खाटेवर ती निळी पाटी दिसली, तर तिने नर्सला सांगून खाट बदलून घेतली. दुसऱ्या खाटेवरही तीच पाटी होती. मग तिने पाटीवर टॉवेल वाळत घातला. नवरा म्हणायचा, "अगं, ती बाई विसरूनही गेली असेल." टाचणी म्हणायची, "तेच तर दुखणं आहे."

मग एकदा वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका ब्लाउजचं माप द्यायला दुकानात आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्याकडे सध्या बाईसाहेबच आहेत की. तुम्हाला ठाऊक नाही?"

टाचणीच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली. दुकानातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, असं कधी झालं नव्हतं.

गोष्ट अशी झाली होती. कारखाना बुडाला होता. परदेशातून घडीच्या छत्र्या आल्या, त्यांच्यापुढे याची लांब दांड्याची छत्री कोण घेणार? बंगला चुलतभावाच्या मुलांनी सह्या घेऊन नावावर केला आणि आत्याला "थोडे दिवस हवापालट" म्हणून तिच्याच वृद्धाश्रमात आणून सोडलं. पुन्हा कुणी फिरकलं नाही. वृद्धाश्रम बांधताना त्यांनी पुढची मोठी खोली स्वतःसाठी राखून ठेवली होती, पण तिथे विश्वस्तांनी कचेरी थाटली, आणि बाईसाहेबांची खाट मोठ्या दालनात बाकीच्यांबरोबर, खिडकीकडच्या टोकाला लागली. "काही त्रास नाही हो त्यांचा," व्यवस्थापिका म्हणाल्या. "फक्त सगळ्यांना सूचना देतात. आणि कपड्यांची जरा चणचण आहे आमच्याकडे. कुणी गाऊन दिले तर बरं होईल."

"मी देते," टाचणी म्हणाली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की त्याला वाटलं काहीतरी शुभ घडलंय. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "अगं, ती म्हातारी झाली. तिला कुणी उरलं नाही. जाऊ दे ना."

"उरलं नाही, हेच तर तिने म्हणायचंय. खोटंही बोलावं लागणार नाही तिला. मला तर खोटं बोलावं लागलं होतं."

यावर तो खोलीतून वळला.

एकटीलाच गाऊन देता येणार नाही, द्यायचे तर सगळ्यांना सारखे, असं व्यवस्थापिकांनी बजावलं होतं. बरं, सगळ्यांना. टाचणीने मऊ काळं सुती कापड आणलं, म्हाताऱ्या अंगाला टोचू नये म्हणून आधी दोनदा धुऊन घेतलं. तिच्याकडून दुसरं झालंच नसतं, तिचा राग सगळ्या म्हाताऱ्यांवर नव्हता. पण एक गाऊन वेगळा. त्यासाठी ती छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन जुन्या कारखान्याचं कापड शोधून घेऊन आली. त्याच्याकडे माळ्यावर एक गुंडाळी निघाली, काळी, ताठ, धूळ झटकली तरी सळसळ तीच. तिने ते कापड नाकाला लावलं आणि तिथेच, त्या माणसाच्या दुकानात, तिला आश्रमाचं अंगण दिसलं. लांबून बघितलं तर सगळे गाऊन एकसारखे दिसणार होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा टाचणीने खिसा न लावता कपडा शिवला. एकाला नाही आणि बाकीच्यांना आहे असं दिसलं असतं, म्हणून कुणालाच लावला नाही. हाताखालच्या बायकांनी विचारलं, "ताई, खिसा राहिला." ती म्हणाली, "राहिला नाही. काढलाय."

व्यवस्थापिकांना तिने एकच अट घातली. छोटा कार्यक्रम करायचा, आणि प्रत्येकीने घेताना एवढं म्हणायचं. वाक्य तिने सांगितलं. व्यवस्थापिकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, दात्यांच्या अटींची त्यांना सवय होती. कुणाला फोटो हवा असतो, कुणाला गाणं हवं असतं. "फक्त उंचावर वगैरे उभं करू नका," त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या पडल्या तर माझ्या गळ्यात येईल."

कार्यक्रम सकाळी ठेवला. मोठं दालन, भिंतींना लागून खाटा, प्रत्येकीच्या उशाशी तीच निळी पाटी. खिडकीकडच्या टोकाला बाईसाहेब बसल्या होत्या, पाठ ताठ, केस चोपून बांधलेले. टाचणीने त्यांना ओळखलं ते त्यांच्या मानेवरून. त्यांनी टाचणीला ओळखलं नाही. त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला आहे. पाहुणे कुठे आहेत?"

सुरुवात दाराकडून झाली. पहिल्या आजींना ऐकू येत नव्हतं, त्यांनी हसून गाऊन घेतला आणि टाचणीच्या गालाची पापी घेतली. दुसऱ्या आजींनी म्हटलं, "मला कोणी नाही. टाचणीबाईंनी मला गाऊन दिला. मी त्यांची ऋणी आहे." भराभर म्हणून टाकलं, औषध गिळावं तसं. एकीने वाक्य अर्ध्यात विसरून शेजारणीला विचारलं. टाचणीचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिची नजर खिडकीकडच्या खाटेवर होती आणि ती खाट जवळ येत होती. बाईसाहेब मधूनमधून म्हणत होत्या, "मोठ्याने बोला. मागे ऐकू येत नाही."

बाईसाहेबांच्या आधी एकच खाट राहिली होती. त्यावरच्या आजी लहानखुऱ्या, हात थरथरणारे. उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि थांबल्या. त्या दाराकडे बघत होत्या. टाचणीने वळून पाहिलं. दारात एक बाई डबा घेऊन उभी होती. कुठल्यातरी कारखान्याचा गणवेश अंगावर, कामावरून धावत आलेली, धाप लागलेली. आजींची लेक. व्यवस्थापिका हळूच म्हणाल्या, "एका खोलीत पाच जण राहतात हो तिच्याकडे, म्हणून इथे ठेवलंय. रोज डबा आणते." आणि आजींना म्हणाल्या, "म्हणा ना आजी. तेवढंच म्हणायचंय. नुसतं म्हणायचं."

आजी म्हणेनात. लेकीने दारातून मान हलवली. म्हण, आई. पुन्हा हलवली.

 ते मान हलवणं टाचणीच्या ओळखीचं होतं. आता थांबवलं तर पुढची खाट राहणार, हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. जन्मभर जे मागितलं ते एका खाटेवर येऊन थांबलं होतं. एकच वाक्य तर होतं, या म्हातारीने म्हटलं असतं तर काय झालं असतं? काय होतं ते टाचणीइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मला..." आजींनी सुरुवात केली.

"नको," टाचणी म्हणाली. "आजी, नका म्हणू. तुम्हाला लेक आहे. ती बघा, उभी आहे." तिने गाऊन आजींच्या हातात कोंबला, दारापर्यंत गेली आणि त्या बाईला म्हणाली, "चुकलं माझं. तू आत ये, बाळा. आईजवळ बस." मग व्यवस्थापिकांकडे वळली. "पुरे. कार्यक्रम संपला."

"पुरे कसं?" खिडकीकडून आवाज आला. "माझी पाळी आहे."

बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "उभं राहायला काही ठेवलेलं नाही? मागच्यांना दिसणार कसं?" व्यवस्थापिका धावल्या तोवर त्यांनी खाटेखालचं पायटेकणं पायाने ओढलं होतं आणि व्यवस्थापिकांच्या खांद्याला धरून त्या त्यावर चढल्याही. आणि मग खणखणीत, एकेक शब्द मोकळा करून, सबंध दालनाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला कोणी नाही. टाचणीबाईंनी मला गाऊन दिला. मी त्यांची ऋणी आहे." दोन्ही हात पुढे केले.

 टाचणीला हेच हवं होतं ना? शब्दन्‌शब्द मिळालं होतं. आणि बाईच्या तोंडावर लाजेचा मागमूस नव्हता. उलट खुर्चीवर उभ्या राहिलेल्या पोरीला शाबासकी हवी असावी तशी ती टाचणीच्या तोंडाकडे बघत होती. गाऊन हातात येताच त्यांनी कापड बोटांत चोळलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हे आमच्या कारखान्याचं! ह्यात पाणी शिरत नाही. इतका चांगला कार्यक्रम हल्ली कुणी करत नाही हो. मी आश्रमात करायचे."

"ठाऊक आहे," टाचणी म्हणाली. "मी होते तिथे. खोक्यावर. माझ्या मुठीत शेंगदाणे होते आणि माझी आई कुंपणापाशी उभी होती. आठवतं?"

बाईसाहेबांनी खरोखर आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. मग नाही अशी मान हलवली. "खोक्यावर तर सगळ्याच असायच्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी गाऊन तिथेच जुन्या कपड्यांवरून चढवला. सळसळ झाली. उशीखालून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि ती ठेवायला हात बाजूला नेला. हात शिवणीवरून खाली गेला, वर आला. दुसऱ्या बाजूलाही गेला. पुन्हा पहिल्या बाजूला. हसू हळूहळू मावळलं. "ह्याला खिसा नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "मी गोळ्या कुठे ठेवू? उशीखालच्या ह्या बायका घेतात. मला खिसा पाहिजे."

टाचणी निघून आली.

घरी नवऱ्याने विचारलं, "झालं समाधान?" ती म्हणाली, "अजून नाही." दुसऱ्या दिवशी ती काळ्या कापडाचे उरलेले तुकडे, कात्री आणि दोरे घेऊन वृद्धाश्रमात गेली, दालनाच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि एकेकीचा गाऊन मागून घेऊन खिसे लावायला लागली. खोल, दुहेरी शिवणीचे, तोंडाशी बटण असलेले. ज्या आजींना ऐकू येत नव्हतं त्यांनी लगेच त्यात हात घालून ठेवले. थरथऱ्या हाताच्या आजींना तिने दोन लावले, एक लेकीने काही आणलं तर त्यासाठी. कुणाला काही म्हणायला लावलं नाही. कुणी आभार मानायला लागलं तर ती तोंडातल्या टाचण्यांतून "हं, हं" करून गप्प करायची.

बाईसाहेब खिडकीपाशी बसून बघत होत्या. बाकीचे सगळे गाऊन झाले, टाचणी दोरे गोळा करायला लागली, तशा त्या उठून आल्या. आज सूचना नव्हती, पाठही तितकी ताठ नव्हती. एका मुठीत गोळ्या होत्या. त्या हाताच्या उबेने विरघळून बोटांना चिकटल्या होत्या, म्हणून मूठ धड उघडतही नव्हती.

"माझा राहिला," त्या म्हणाल्या.

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचल्या. आपली मूठ याच बाईने एकेक बोट सोडवून उघडली होती, ते तिला आठवलं. कापड होतं. दोरा सुईत ओवलेला होता.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "सगळं मिळतंय ना इथे? मग खिसा हवा कशाला?"

 वाक्य बाईसाहेबांना ओळखीचं वाटलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले, ते कुणाचं हे शोधत असल्यासारखे. सापडलं की नाही, देव जाणे. त्या वळल्या आणि मूठ छातीशी धरून आपल्या खाटेकडे चालत गेल्या. छत्रीचं कापड दालनभर सळसळत गेलं.

आपल्याला बरं वाटेल असं टाचणीला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर वाटलंही. तिने कात्री पिशवीत टाकली, उरलेला एक काळा तुकडा घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि घरी जायला निघाली.